गोळीची सोबतीण

चौघींनी माझ्या जावेचं नाव घेतलं. उरलेल्या दोघींनी एकमेकींचं. माझं नाव एकीच्याही तोंडून आलं नाही. आणि जावेचं नाव घेणाऱ्या त्या चौघींत एक माझ्या पोटची पोर होती.

हे सगळं माझ्याच कारखान्यात, माझ्याच टेबलाभोवती, माझाच चहा पिऊन झालं, एवढं आधी ध्यानात घ्या.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. मोठ्या फॅक्टरीत शिवलेले कपडे आमच्याकडे येतात. आम्ही काजं करतो, बटणं लावतो, लोंबते धागे कापतो, आतल्या खोलीत इस्त्री मारून घड्या घालतो. मग भोंगा गाडी घेऊन येतो नि माल उचलतो. भोंगा हे त्याचं नाव नव्हे. गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवत येतो म्हणून पोरींनी ठेवलेलं. गाडीतून उतरला की मात्र आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागतं. माझी धाकटी त्याच्यावर जीव टाकून होती. लग्नाचं बोलणं अजून निघालं नव्हतं, पण निघणार हे भिंतींनासुद्धा कळलं होतं. मला तो पसंत होता असं नाही, नापसंत होता असंही नाही. वेळेवर माल नेणारा माणूस सहज मिळत नाही, एवढं मला माहीत आहे.

नर्सबाई आली ती माझ्या परवानगीनं. आमच्या भागात तरुण पोरींना एचआयव्हीची लागण फार होऊ लागली होती. ती न व्हावी म्हणून रोज घ्यायची एक गोळी असते, दवाखान्यात मिळते, पण पोरी तिकडे फिरकत नाहीत, असं ती सांगत होती.

"कामावरून सोडत नाहीत म्हणतात," ती माझ्याकडे बघत म्हणाली.

"मग तुम्हीच या," मी म्हटलं. "माझ्याकडे सहा पोरी आहेत. चहा आमच्याकडून."

ती आली. सगळ्यांचं रक्त तपासलं, निळ्या गोळ्यांच्या बाटल्या दिल्या, आणि समजावलं. ही गोळी आजाऱ्यांची नव्हे, आजार नसलेल्यांची आहे. रोज घ्यायची. सुरुवातीला थोडी मळमळेल, ती जाते. पण मधेच बंद केली तर तिचा आधार राहत नाही. दुसरे रोग नि दिवस राहणं ती थांबवत नाही, तेव्हा कंडोम हवाच. पोरी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, पण कान सगळ्यांचे तिच्याकडे.

"आता प्रत्येकीनं आपली एक सोबतीण निवडायची," नर्सबाई म्हणाली. "ती रोज आठवण करील. एकटीनं काही दिवस जमतं, मग कंटाळा येतो. सोबतीण अशी हवी की जिला 'आज विसरले' असं सांगायला भीती वाटणार नाही. दटावणारी नको."

मी पदर सावरून बसले होते. मला वाटलं, या सहाजणी माझ्या डोळ्यांपुढं काम शिकल्या. सुई कशी धरायची ते मी दाखवलं. कुणाच्या घरी भांडण झालं तर निस्तरायला मी गेले. विचारायची गरजच काय?

"काकी," चष्मीस म्हणाली.

"मलापण काकी," लांबडी म्हणाली.

तिसरीनंही काकीच म्हटलं. माझी धाकटी शेवटी बोलली. माझ्याकडे न बघता बोलली. "काकीच."

काकी म्हणजे माझी जाऊ. धाकटा दीर गेल्यावर ती माझ्याकडे आली, काजाच्या मशीनवर मी बसवली. तोवर तिला काज म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. अजूनही तिची काजं मी उजेडात धरून बघते. बाई ढिली. केस ढिले, बोलणं ढिलं, काम ढिलं. सदान्‌कदा मशीनवर कोपर टेकून कुणाचं तरी ऐकत बसलेली. तिच्या स्टुलाला काय चिकटवलंय कोण जाणे, चहाच्या वेळी सगळ्या पोरी तिथंच जाऊन डकतात.

नर्सबाई गेल्यावर ती माझ्याकडे आली. "जाऊबाई, मला काही कळत नाही यातलं. तुम्हीच बघा ना."

"तुला निवडलंय," मी म्हटलं. "बघ बाई. ढिलेपणा करू नकोस म्हणजे झालं."

खरं सांगते, तिनं ढिलेपणा करावा असं मला वाटत होतं. एखादी पोर विसरावी, नर्सबाईनं पुढच्या खेपेला कपाळाला हात लावावा, आणि म्हणावं, मोठ्या बाई, आता तुम्हीच घ्या हातात.

पण बाईनं वेगळंच आरंभलं. ती कुणाला 'गोळी घेतलीस का' असं विचारायचीच नाही. प्रत्येकीशी तिनं एकेक बोलणं ठरवून ठेवलं होतं. चष्मीसला सकाळी आल्या आल्या विचारायची, "तुझी मांजर दूध प्यायली का गं?" चष्मीसच्या घरी मांजर नाही, मला पक्कं माहीत आहे. "प्यायली, मिशासुद्धा पुसल्या," ती म्हणायची आणि दोघी फिदीफिदी हसायच्या. लांबडीला जेवण झाल्यावर, "डोकं छताला लागलं का?" आणि माझ्या धाकटीला संध्याकाळी, मशीनवर कापड झाकता झाकता, "पाहुणे पोचले का?"

"पोचले. नि झोपलेसुद्धा."

एवढ्यावर माझी पोर अशी हसायची की मी तिला तसं हसताना घरात कधी पाहिलं नव्हतं. घरात आमची बोलणी म्हणजे जेवलीस का, दार लावलंस का, हे असं कसं घातलंयस अंगात. हसायला सवड कोणाला होती?

एकदा ती म्हणाली, "आज नाही पोचले. वाटेत अडकले." मी कान टवकारले. आता जाऊ काय म्हणते बघू. तर ती म्हणाली, "अगं, मग आता बोलाव की. जेवण गार झालं नाही अजून." पोर उठली, पिशवीतून बाटली काढली, पाणी प्यायली. झालं. ना ओरडा, ना काही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक केलेल्या पोरीला कुणी असं गोंजारतं का?

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना टेबलापाशी बोलावलं.

"बाटल्या आणा इकडे. सगळ्या."

"कशाला, मोठ्या बाई?" लांबडीनं विचारलं.

"हे मांजर नि पाहुणे पुरे झाले. औषध आहे की खेळ? आजपासून जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली की सगळ्यांनी माझ्यासमोर गोळी घ्यायची. एकेकीनं यायचं, गोळी टाकायची, पाणी प्यायचं, जीभ दाखवायची, जायचं. बाटल्या माझ्या कपाटात राहतील."

कपाटात मी सुयांची पाकिटं ठेवते. मोडकी सुई दिल्याशिवाय माझ्याकडे नवी मिळत नाही, म्हणूनच आमच्या मालात कधी सुईचं टोक सापडत नाही. कामाला जी शिस्त लागते तीच औषधाला लागते, असं माझं म्हणणं होतं.

जाऊ हळूच म्हणाली, "जाऊबाई, ज्याची त्याची वेळ असते. पोरींनी आपापली ठरवलीय…"

"तुला बघ म्हटलं होतं. बघितलंस. आता मी बघते."

"तसं नव्हे हो. नर्सबाई म्हणाल्या होत्या, दटावणारी…"

"दटावतंय कोण?" मी इतक्या जोरात विचारलं की इस्त्रीवालीनं आतून डोकं बाहेर काढलं.

रांग छान लागायची. माझं मलाच कौतुक वाटायचं. घंटा, कुलूप, गोळी, पाणी, जीभ. एकदाही खाडा नाही. जावेला मी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायची, "बघा, असं असतं!" ती मान डोलवायची. पोरी तोंडं वाकडी करून गिळायच्या, पण गिळायच्या. धाकटी सगळ्यांत शेवटी यायची आणि जीभ एवढीशी दाखवून पाठ फिरवायची. मला वाटायचं, रुसलीय. रुसू दे. आईनं दिलेलं औषध रुसूनसुद्धा पोटात जातंच.

संध्याकाळी जाऊ आता पाहुण्यांचं विचारत नव्हती. धाकटीही मुकाट्यानं पिशवी उचलून घरी यायची. मला वाटलं, जिंकले.

मग एक दिवस मी बटणं निवडायला बसले. दुपारी कामाची गडबड ओसरली की उरलेली बटणं डब्यांतून काढून मी निवडते, फुटकी बाजूला, चांगली परत डब्यात. डोळ्यांनी नाही, बोटांनीच निवडते. चार भोकं बोटाला कळतात, टवका उडाला असेल तर तोही कळतो. त्या दिवशी निळ्या बटणांचा डबा होता, गणवेशाच्या कपड्यांचा. निवडता निवडता एक बटण हाताला लागलं त्याला भोकंच नव्हती. लांबट होतं नि एका बाजूनं विरघळल्यासारखं खडबडीत झालेलं.

मी ते उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरून बसले.

डबे सकाळी मीच वाटते. निळा डबा कुणाकडे होता हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी सगळ्यांना बोलावलं आणि ती गोळी टेबलावर ठेवली.

"कुणाची?"

चष्मीसनं चष्मा काढून पुसला. लांबडी छताकडे बघू लागली. धाकटी माझ्याकडे सरळ बघत होती, डोळ्याची पापणी हलवत नव्हती. ती नजर मी ओळखते. आरशात रोज बघते.

मला वाटत होतं तिनं आपणहून म्हणावं, आई, माझी. एवढंच. तिनं म्हटलं नाही.

"जा कामाला," मी म्हटलं, आणि ती आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाकडे गेली तशी मीही मागून गेले आणि दार ओढून घेतलं. इस्त्रीवालीला चहाला पिटाळलं.

"डबा तुझा होता."

"होता मग?"

"मग काय? सदऱ्याला गोळी लावणार होतीस?"

ती हसली नाही. एक बाही पसरली नि तिच्यावर इस्त्री फिरवू लागली. "रोज मी धाग्यांच्या पोत्यात टाकते. आज तू पोत्यापाशीच उभी होतीस."

"रोज?"

"घंटा सुरू झाल्यापासून."

"का? मी विष देत होते?"

"मला तुझ्या हातून घ्यायची नव्हती."

"बाकीच्या घेतात ना! त्या काढतात ना जीभ!"

"त्यांची तू आई नाहीस."

मी जे तोंडाला आलं ते बोलले. "मग नकोच घेऊस. एवढं काय अडलंय तुझं? इतरजणी घेतात म्हणून तूही घेतेस. सोड."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केलं. माझ्याच हाताखाली शिकलेली, कितीही रागात असली तरी इस्त्री चालू ठेवून बोलणार नाही.

"अडलंय," ती म्हणाली. "त्याला आहे, आई. भोंग्याला. त्यानं स्वतःच सांगितलं मला, आमचं काही व्हायच्या आधी. त्याचं औषध आत्ताच सुरू झालंय. त्याच्या रक्तातले विषाणू अगदी कमी होऊन तसेच राहीपर्यंत मी ही घ्यायची असं डॉक्टरांनी सांगितलंय. मग त्याच्यापासून धोका राहत नाही. तोवर आहे."

आईनं अशा वेळी काय विचारावं? पोरीला काही झालं तर नाही ना, हे विचारावं. तो पोरगा कसा आहे, हे विचारावं. मी विचारलं, "काकीला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

म्हणजे पाहुणे पोचले का, पाहुणे झोपले का, हे सगळं चालायचं तेव्हा ती बाई माझ्या पोरीचा जीव राखत होती, आणि मी पलीकडच्या टेबलावर बसून तिची काजं उजेडात धरत होते. माझा नुसता जळफळाट झाला. आजाराची भीती त्याच्या मागून आली. आधी आलं ते हेच, की तिला ठाऊक आणि मला नाही.

"नि हे?" मी गोळी तिच्यापुढं धरली. "टाकून देत होतीस, हे काकीला माहीत आहे?"

तिनं बाहीची घडी उलटली.

"बोल ना."

"नाही सांगितलं. तिला वाईट वाटलं असतं."

मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं. एक तरी गोष्ट निघाली जी त्या बाईला ठाऊक नाही आणि मला आहे! तो आनंद घोटभर पाण्याइतका टिकला. कारण तिला ठाऊक नाही म्हणजे इतके दिवस कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी पोर त्या पोराबरोबर हिंडत होती, पोटात गोळी नव्हती, आणि तिच्या पाठीशी कुणी नव्हतं. विचारणाऱ्या बाईला मीच गप्प बसवलं होतं.

"आणि मला वाईट वाटलं नसतं?" मी विचारलं.

"तुला राग आला असता."

तिला हाताला धरून मी बाहेर आणलं. जावेच्या स्टुलापुढं उभी केली. "सांग तिला."

तिनं सांगितलं. हळू आवाजात, मान खाली घालून. माझ्यापुढं ती मान खाली घालत नाही. जावेनं मशीन थांबवलं. वाटलं आता तरी बोलेल पोरीला, नाहीतर मला तरी. दोन्हीला जागा होती. तिनं फक्त पोरीचा हात आपल्या हातात घेतला आणि विचारलं, "शेवटची पोटात गेली ती घंटेच्या आधीची का?"

"हो."

"बरं. आजच दवाखान्यात जाऊ. मधे खंड पडला तर रक्त तपासल्याशिवाय परत सुरू करायची नाही, असं नर्सबाई म्हणाल्या होत्या. नीट होईल सगळं. नाही झालं तर तेव्हा बघू."

मी खुंटीवरची पिशवी घेतली, चपला चढवल्या.

"तू नको," धाकटी म्हणाली.

सगळ्या कात्र्या थांबल्या. कारखान्यात इतकं शांत मी वीज गेल्यावरच ऐकलंय.

"काय?"

"तू आलीस तर मी जाणार नाही. तिथं ते विचारतील, कधी भेटलात, काय केलंत, काय वापरलंत. तुझ्यासमोर मला सांगता येणार नाही. मी खोटं सांगेन. आणि खोटं सांगून काय उपयोग?"

मी तिला ओढत नेऊ शकले असते. माझ्या अंगात तेवढा जोर आहे आणि तोंडात त्याहून जास्त. पण ओढून नेऊन डॉक्टरपुढं बसवली असती तरी तिच्या तोंडून खरं काढायचं कुठलं यंत्र माझ्याकडे होतं? माझ्यासमोर तोंडात घातलेलं ती कुठं टाकते ते मी नुकतंच पाहिलं होतं.

चपला काढल्या.

"जा," मी जावेला म्हटलं. "उभी काय राहिलीस?"

"जाऊबाई, ती काजं राहिलीत. माल संध्याकाळी जायचाय. आज राहू द्या म्हणून भोंग्याला…"

"माझ्याकडचा माल राहत नाही. सरक."

मी तिच्या स्टुलावर बसले. मग पुन्हा उठले, कपाट उघडलं नि बाटल्या टेबलावर ठेवल्या. "आपापल्या घ्या. कुणाला केव्हा घ्यायची ते तुमचं तुम्ही बघा. पण घ्या. एखादी बटणांत सापडली तर मी सोडायची नाही." पोरी बाटल्या उचलत होत्या तेव्हा एकीच्याही तोंडावर हसू नव्हतं, हे मी सांगून ठेवते. त्या दारातून बाहेर जाणाऱ्या दोघींकडे बघत होत्या. जावेनं धाकटीच्या खांद्यावर हात टाकला होता. ढिला, सहज, जणू तो हात तिथंच असायचा.

मी काजं केली. बऱ्याच वर्षांनी त्या मशीनवर बसले होते. स्टूल तिनं आपल्या उंचीला बसवून घेतलेलं, मला ठेंगणं. कापड सरकवताना मी एकेक आठवत होते. दात येताना तिनं चावलेलं बोट माझं. गोवराच्या तापात दवाखान्याच्या बाकावर तिला मांडीवर घेऊन बसलेली मी. जाऊ तेव्हा कुठं होती? आपल्या नवऱ्याच्या घरी, सुखात. आणि आता पोर खरंच पोळलीय, तर मांडी हवी तिची. एक काज वाकडं गेलं. मी ते उसवून पुन्हा केलं. पोरींनी पाहिलं, बोलल्या नाहीत.

मग गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला.

भोंगा आला. गठ्ठे उचलू लागला. उचलता उचलता आत डोकावला, बाहेर डोकावला. पोरी एकदम कामसू झाल्या, कुणाची मान वर नाही.

"ती दिसत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"ती. दिसत नाही."

"नाही दिसत," मी म्हटलं.

जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. तुझ्यापायी गेलीय. तुझ्यापायी त्या बाकावर बसलीय आणि मला बरोबर येऊ दिलं नाही. मी त्याच्याकडे नीट बघितलं. मानेवर घामोळं आलेलं, बोटाला पट्टी, गठ्ठे मात्र शिवण वर राहील असे नीट रचत होता.

मी त्याच्या मागोमाग गाडीपर्यंत गेले. "काय रे, तू तुझं औषध घेतोस का?"

गठ्ठा त्याच्या हातातून निसटला. तो उचलून त्यानं विचारलं, "तिनं सांगितलं तुम्हाला?"

"मी आई आहे तिची. मला सगळं सांगते ती." एवढं तर मी बोलणारच. "घेतोस का?"

"रोज. चुकत नाही. तीच सकाळी फोन करून विचारते ना." तो पहिल्यांदा थोडा मोठ्यानं बोलला. "सुरुवातीला मी टाळायचो. ती काही रागावायची नाही. नुसतं विचारायची, आज गाडीत तेल घातलं का? मग घ्यावीच लागायची."

म्हणजे जावेची विद्या तिथवर पोचली होती. पोर त्याची सोबतीण झाली होती. त्याला जपत होती आणि स्वतःची गोळी पोत्यात टाकत होती, मला धडा शिकवायला.

"मी तिला विचारतो, तू तुझी घेतेस ना," तो पुढं म्हणाला. "तर म्हणते, आमच्या आईच्या नजरेखाली घेते, ती चुकू देईल का? ऐकून बरं वाटतं. घेते ना ती नीट?"

माझ्या नावावर त्याला गप्प केलं होतं कार्टीनं. हो म्हणणं खोटं होतं. नाही म्हणणं माझं काम नव्हतं.

"ते तिचं तिला विचार," मी म्हटलं. "आज रात्रीच विचार. मी मधे कोण?"

हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि वाटलं, मागं कुणी दुसरीच बाई बोलली. त्यानं मान हलवली, गाडी काढली. जाताना हॉर्न वाजवला नाही.

दोघी आल्या तेव्हा बाकीच्या पोरी घरी गेल्या होत्या. धाकटीचे डोळे सुजलेले. जावेच्या हातात दोघींच्याही पिशव्या.

"आजचं रक्त चांगलं आलं," जावेनं दारातूनच सांगितलं. मला विचारायला लावलं नाही, एवढी अक्कल तिला आहे. "पण आजच्यावर विसंबायचं नाही म्हणाले. अगदी ताजी लागण असली तर लगेच दिसत नाही. महिन्यानं पुन्हा तपासायचं. गोळी आजपासून परत सुरू. ती नीट लागू पडेपर्यंत नि नंतरही सांभाळून राहायचं."

महिना. बरं. महिना काढू.

"भोंगा आला होता?" धाकटीनं विचारलं.

"आला होता."

"काय सांगितलंस त्याला?"

"काय सांगणार? माल दिला."

"आई."

"तुझं आहे, तू सांग. रात्री विचारील तो. खरं सांग म्हणजे झालं. आणि माझ्या नावावर पुन्हा थापा मारल्यास तर याद राख."

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलेल असं वाटलं, जवळ येईल असंही वाटलं. ती नुसती म्हणाली, "बरं केलंस." आणि जाऊन काकीच्या स्टुलाजवळ बसली.

जाऊ मशीनवर कापड झाकू लागली. मला कळलं आता ती विचारणार. पोरीनं बाटली हातात घेतली होती, झाकण उघडत नव्हती. जावेकडे बघत होती, मग चोरून माझ्याकडे. जाऊही बोलेना. दोघी थांबल्या होत्या. कशाची वाट बघताहेत हे कळायला मला थोडा वेळ लागला.

मी उठले आणि बाहेर गेले. दाराआड नाही. थेट गल्ली ओलांडून, पलीकडच्या किल्लीवाल्याच्या दुकानापाशी.

तेव्हापासून रोज जाते. काम संपलं, कापड झाकायची वेळ झाली, की मी उठते. मी असले तर ती घेत नाही, आणि तिनं घ्यायला हवी, एवढा सरळ हिशेब आहे. आवडतो असं नाही. तिथं उभं राहून मला आतलं काही दिसत नाही, हसणं मात्र ऐकू येतं, आणि प्रत्येक वेळी वाटतं जाऊन त्या स्टुलाला लाथ मारावी.

"काय मोठ्या बाई, आज पण बाहेर?" किल्लीवाल्यानं काल विचारलं. "आतून कुणी काढलं की काय?"

"मला काढणारं अजून जन्माला यायचंय. हवा खायला येते."

"रोजच याच वेळेला?"

"हवा तुझ्या बापाची आहे? तू आपल्या किल्ल्या घास."

तो हसून घासू लागला. थोड्या वेळानं जाऊ दारात आली आणि तिनं हात हलवला. "झालं, जाऊबाई. या आत."

माझ्याच कारखान्यात ती मला 'या' म्हणते. मी तिला थोडा वेळ तशीच दारात उभी ठेवली. मग गेले.